वाया गेलेले फोटो

खोडद
९ जानेवारी २०२४

फतेचंदकाका,

नमस्कार. तुमचा पहिला धडा पुरा झाला. एकच वस्तू, दहा फोटो, आणि दहाही वेगळे दिसले पाहिजेत. मी दुधाची किटली घेतली. पहिले चार पटापट निघाले. समोरून, वरून, आडवी पाडून, गोठ्याच्या दारात ठेवून. पुढं काही सुचेना. किटली तीच, मी तीच. शेवटी जमिनीवर पालथी पडले, तर किटलीच्या कडीतून लांबची आमच्या गावच्या रेडिओ दुर्बिणीची तबकडी दिसली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्यातून ओरडल्या, "अगं, पडली का काय?" मी म्हटलं, "न्हाई, फोटो काढतेय." त्या म्हणाल्या, "मग पडलीच समज."

नारायणगावात स्टुडिओ बंद केला त्या दिवशी तुम्ही मला हा कॅमेरा दिलात आणि म्हणालात, शिकवीन, पण कागदावर. मला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलच्या काचेकडं बघितलं की डोळे झोंबतात. फोटो छापून पाठव, सोबत पत्र लिही. तेव्हा मला हसू आलं होतं. मग पाच वर्षं कॅमेरा कपाटात राहिला. लग्न, शेती, बाळंतपण. आता श्रेया अडीच वर्षांची झाली, थोडी स्वतःची खेळते, म्हणून मनावर घेतलं. श्रेयाचे पप्पा, भरत, टोमॅटो घेऊन मार्केटला जातात तेव्हा लॅबमधून फोटो छापून आणतात. माणूस चांगला आहे, चिडवतो फक्त.

एक अडचण आहे. श्रेयाचे घरात काढलेले फोटो बिघडतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश आपोआप उघडतो आणि तिचा डोळा चमकतो. ते फोटो पाठवत नाही, लाज वाटते. माझं काय चुकतंय?

तुमची
आरती


मंचर
१५ जानेवारी २०२४

आरती पोरी,

किटली आवडली. पालथं पडून काढलेला फोटो दहांत पहिला. तबकडीचा फोटो सगळं जग काढतं, पण कडीतून कुणी पाहिली नव्हती. गोठ्याच्या दारातला मात्र हललाय. कॅमेरा धरताना दोन्ही कोपर बरगड्यांना टेकव, श्वास सोड, आणि मग बटण दाब. आधी अर्धं दाबायचं, कॅमेऱ्याला बघू द्यायचं, मग पुरं.

डोळ्याचं म्हणशील तर घाबरू नकोस, हा सगळ्यांना छळणारा दोष आहे. फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असतो. त्याचा उजेड सरळ डोळ्यात शिरतो, आतल्या रक्तावर आपटतो आणि तसाच परत येतो. म्हणून डोळे लाल दिसतात. चाळीस वर्षांत अशा लाल डोळ्यांच्या नवरदेवांना मी किती वेळा परत उभं केलं असेल! उपाय सोपा आहे. फ्लॅश बंद कर. पोरीला खिडकीपाशी बसव, तोंड उजेडाकडे नाही, उजेडाच्या आडवं. दुसऱ्या बाजूला सावली काळी पडेल. तिथे एखादं पांढरं धोतर नाहीतर चादर टांग, म्हणजे तोच उजेड फिरून दुसऱ्या गालावर येईल. हा दुसरा धडा.

आणि एक नियम. वाया गेलेले फोटोही पाठवायचे. चांगल्यावरून मला एवढंच कळतं की तुला काय येतं. शिकवायचं काय ते वाया गेलेल्यावरून कळतं. लाज कसली? अंकित विचारतो, पप्पा एवढं काय लिहिता. त्याची बायको राखी तेवढी माझी पाकिटं टपालात टाकते.

तुझा
फतेचंदकाका


खोडद
२७ जानेवारी २०२४

काका,

खिडकीचा धडा लागू पडला! आत्याबाईंनीच मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जुनं धोतर ट्रंकेतून काढून दिलं आणि वर स्वतःच धरून उभ्या राहिल्या. पहिला फोटो बघा. श्रेयाच्या नाकावरची लव दिसतेय. फ्लॅश बंद केल्यापासून डोळ्याचा दोष गेला तो गेलाच. तुमचे लई उपकार.

नियमाप्रमाणे वाया गेलेलेही पाठवतेय. दोन माझ्या अंगठ्याचे आहेत, ते सोडून द्या. तीन श्रेयाचे, फ्लॅशचे, मागच्या महिन्यातले. तुम्ही लिहिलंत तसा डोळा लाल आला न्हाई, पांढरा आलाय. एकच, डावा. मांजराच्या डोळ्यावर बॅटरी मारल्यावर दिसतो तसा. तीन वेगळ्या दिवशी काढले तरी तोच डोळा. मी उभी राहते ती बाजू चुकत असणार.

आत्याबाई धोतर धरतात खऱ्या, पण मधूनच म्हणतात, "पोरीचं एवढं फोटो काढू नगं, दिष्ट लागती." कालच श्रेया पळता पळता दाराच्या चौकटीला धडकली, कपाळाला टेंगूळ आलं, तर तेही माझ्या फोटोवरच गेलं. मी म्हटलं, अहो, ती माझ्यावर गेलीय, मीही अशीच धांदरट होते. आठवडाभरात तिसऱ्यांदा धडकली.

पुढचा धडा काय?

आरती


मंचर
२ फेब्रुवारी २०२४, सकाळी नऊ

आरती,

पाकीट आज सकाळी उघडलं. राखी तासभर तुला फोन लावते आहे, लागत नाही. भरतचाही बंद येतो. म्हणून हे पत्र रामनाथच्या हाती देतो. तो तुमच्या खोडदचाच, इथून नारायणगावला जीप चालवतो. दुपारच्या आत तुझ्या हातात द्यायचं त्यानं कबूल केलं आहे.

श्रेयाला आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. हे तिन्ही फोटो सोबत असू देत, परत पाठवले आहेत. तुझी बाजू चुकलेली नाही. लाल डोळा हा फोटोचा दोष. एकच डोळा, तोही पुन्हा पुन्हा पांढरा येत असेल, तर तो डोळ्याचा दोष असू शकतो. आतून काहीतरी उजेड अडवत असेल. काय ते मी सांगू शकत नाही, मी फोटो काढणारा माणूस. पण बघून घ्यायला उशीर करायचा नाही. नारायणगावात दाखव. ते पुण्याला जा म्हणाले तर उद्याच पुणे गाठ. शेतीचं काम थांबेल.

फ्लॅश बंद कर म्हणालो, ते न बघता म्हणालो. चूक माझी.

घाबरू नकोस, पण थांबूही नकोस.

फतेचंद


पुणे
६ फेब्रुवारी २०२४

काका,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. राखीवहिनींना फोन केला होता, त्यांनी सांगितलंच असेल. तरी तुम्हाला माझ्या हातचं पाहिजे.

रामनाथभाऊ आले तेव्हा मी भांडी घासत होते. तुमचं अक्षर एरवी मोत्यासारखं असतं, ते वाकडंतिकडं बघून मी हात न पुसताच वाचायला बसले. दोनदा वाचलं. मग श्रेयाला मांडीवर घेतलं आणि तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला. ती माझा हात बाजूला करायला लागली आणि म्हणाली, "दिवा लाव."

भर दुपार होती, काका.

मी रामनाथभाऊंच्याच फोनवरून मार्केटला निरोप धाडला. श्रेयाचे पप्पा टोमॅटोच्या क्रेट तिथंच सोडून आले. आत्याबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "तुज्या त्या फोटोच्या दिव्यानंच पोरीचा डोळा गेला. मी सांगत व्हते." मलाही तेच वाटत होतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी बॅटरीनं बघितलं, फोटो बघितले आणि चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, उद्याच पुण्याला जा. शनिवारी इथं आलो. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पांढरं दिसण्याची कारणं बरीच असतात, साधीही असतात. पण लहान मुलांच्या डोळ्यात कधीकधी गाठ असते, ती न्हाई ना हे आधी बघू. सोमवारी तिला भूल देऊन तपासू, डोळ्याची सोनोग्राफी करू.

'गाठ' या शब्दासोबत आम्ही शनिवारची संध्याकाळ आणि अख्खा रविवार काढला. श्रेयाच्या पप्पांच्या मावशीकडं उतरलो होतो. श्रेया मावशीच्या मांजराच्या मागं पळत होती. तिच्या मागून आत्याबाई, ती धडकू नये म्हणून डाव्या बाजूनं हात आडवा धरून.

काल बाराच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "गाठ नाही. डोळ्याचा पडदा चांगला आहे. मोतीबिंदू आहे." मी आणि श्रेयाचे पप्पा हसायलाच लागलो. बाईंना वाटलं आम्हाला कळलंच न्हाई. त्या पुन्हा सांगायला लागल्या आणि आम्ही आणखी हसलो. मग हे भिंतीकडं तोंड करून रडले. आत्याबाई म्हणाल्या, "एवढीशी पोर, आन म्हाताऱ्याचा आजार?" बाई म्हणाल्या, कधीकधी जन्मापासूनच असतो, हळूहळू वाढतो.

मी कॅमेऱ्याचं विचारलं. मला विचारायचंच होतं. त्या आत्याबाईंकडं वळून म्हणाल्या, "आजी, दिव्यानं काही झालेलं नाही. दिव्यानं दाखवलं. आणखी वर्षभर कळलं नसतं, तर हा डोळा बघायचंच विसरला असता." आत्याबाई थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यांनी आणून दिलेला हा पहिला चहा.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे.

आरती


मंचर
१० फेब्रुवारी २०२४

आरती पोरी,

राखीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून हळूहळू म्हणाली, "गाठ नाही." मी तिच्या ओठांवरून वाचलं. तरी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं. तो कागद खिशात आहे.

आता तुला एक गोष्ट सांगतो. त्या दिवशी सांगितली असती तर तुझा धीर खचला असता.

सत्याऐंशी सालची गोष्ट. राजुरीचा कुशाबा आपल्या मुलाला घेऊन स्टुडिओत आला. पोपट नाव, चार वर्षांचा. नवा सदरा, तेल लावून बसवलेले केस. मी फ्लॅश लावून फोटो काढला. धुतला तर एक डोळा पांढरा. मला वाटलं, फ्लॅश चुकला. त्या काळी आम्ही असले दोष ब्रशनं झाकायचो. बारीक ब्रश घेतला, काळी शाई घेतली, आणि त्या डोळ्यात बुबुळ भरलं. काम इतकं छान झालं की मी ती प्रत काचेत लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

वर्षानं कुशाबा एकटाच आला. म्हणाला, तो फोटो मोठा करून द्या, भिंतीवर लावायचा आहे. पोराच्या डोळ्यात गाठ होती, ती डोक्यात गेली. मी फोटो मोठा करून दिला. हार घालायला वर खिळा लागतो, म्हणून चौकटही चांगली बसवली. पैसे घेतले नाहीत. पण बोललो काहीच नाही. पांढरा डोळा सगळ्यांत आधी माझ्यासमोर आला होता आणि मी त्यावर शाई फासली, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आणि आता तुझ्या पहिल्या पत्रात डोळा चमकतो वाचलं, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. फ्लॅश बंद कर म्हणून मोकळा झालो. दुसऱ्यांदा तेच. तू वाया गेलेले फोटो पाठवले नसतेस तर? गेले आठ दिवस याच्या पुढं डोकं जातच नाही.

सोमवारी आमच्याकडे राखीचा उपवास आहे. श्रेयासाठी. मी म्हटलं, मीही करतो. ती म्हणाली, तुमची शुगर बघा आधी.

फतेचंदकाका


खोडद
२४ मार्च २०२४

काका,

इतके दिवस पत्र न्हाई, रागावू नका. हातच मोकळे नव्हते.

ऑपरेशन चांगलं झालं. आत भिंग बसवलंय आणि वरून चष्माही दिलाय, मागं इलॅस्टिक लावून. खरी कसरत पुढं होती. डावा डोळा आळशी झालाय म्हणे, त्याला कामाला लावायचं. म्हणून चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी चिकटवायची. पहिला आठवडा घर डोक्यावर घेतलं पोरीनं. पट्टी ओढून काढायची, ओरडायची, मला मारायची. तिला नुसता धुरकट उजेड दिसत असणार. एकदा मीच रडून पट्टी काढून टाकली. आत्याबाईंनी परत लावली. म्हणाल्या, "तू जा रानात. मी बघते." पोरीला पोटाशी धरून दोन तास ओसरीवर येरझाऱ्या घातल्या त्यांनी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पट्टी असताना तिला काहीतरी बघायला द्या, मोठं, ठळक. तेव्हा मला सुचलं. घरातलंच एकेक, कोऱ्या पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढले. लाल बादली. काळी शेळी. आजीचं हिरवं लुगडं. चौकटीत एकच वस्तू, मागं काही न्हाई. वहीएवढे मोठे छापून घेतले. शेळीला चादरीवर उभं करायला तिघं लागलो आणि चादर धुवायला मी एकटी. आधी ती फोटोंकडं बघतच नव्हती. मग बादलीवर हात ठेवायला लागली, रंगावर. परवा मंगळवारी पट्टी लावलेली असताना शेळीचा फोटो पुढं धरला, तर फोटो नाकापाशी नेला आणि म्हणाली, "शिंग मोडलंय."

काका, आमच्या शेळीचं एक शिंग टोकाला मोडलेलं आहे. मला फोटोत ते दिसलंच नव्हतं. आत्याबाईंनी ओसरीवरून हाक मारून शेजारच्या गेणभाऊंना बोलावलं आणि त्यांच्यापुढं पोरीकडून परत म्हणून घेतलं. वेळ लागेल, महिनेच्या महिने पट्टी लावावी लागेल, दुसऱ्या डोळ्याइतकं कदाचित कधीच दिसणार न्हाई. पण दिसतंय.

तुमच्या कुशाबांबद्दल वाचलं. मी तुम्हाला काय सांगणार, मी लहान. एवढंच वाटतं, की तुम्ही मला रामनाथभाऊंच्या हाती चिठ्ठी धाडलीत तेव्हा थांबला न्हाईत. राजुरी काही लांब न्हाई. कुशाबा असतील तर त्यांना भेटा. पत्र लिहू नका, स्वतः जा.

तुमची
आरती


मंचर
२ एप्रिल २०२४

आरती पोरी,

तू सांगितलंस म्हणून गेलो. काल अंकित गाडी काढतो म्हणाला, मी नको म्हटलं. कानाचं मशीन लावलं. ते फोनवर कामाचं नाही, पण समोरासमोर बरं चालतं. रामनाथच्या जीपमध्ये पुढं बसलो आणि नारायणगावहून दुसरी जीप धरून राजुरीत उतरलो. कुशाबा आहे. ऐंशीच्या पुढं गेला, कमरेत वाकला, पण द्राक्षाच्या बागेत खुर्ची टाकून गड्यांवर ओरडत बसला होता. मला त्यानं लांबूनच ओळखलं. "शेट! या, बसा. आज हिकडं कुठं वाट चुकलात?"

घरात नेलं. फोटो भिंतीवर होता. मी तयारी करून गेलो होतो, पण फोटो बघितल्यावर सगळं विसरलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. डोळा पांढरा आला होता, मी शाई भरली, तेव्हा तुला सांगितलं असतं तर. एवढं बोललो आणि खाली बसलो.

तो खुर्ची ओढून माझ्या मशीनच्या कानापाशी आला.

"शेट, तुमी इसरला काय? मीच म्हणलो व्हतो तुमाला. डोळा आमाला घरी आधीच दिसला व्हता. कंदिलाच्या उजेडात चमकायचा. म्हातारी म्हणायची, पोरगं नशीबवान हाय, डोळ्यात चांदी हाय. फोटो हातात घेतला तवा मीच म्हणलो, तेवढा काळा करा, पावण्यारावळ्यात दिसाय नगं. तुमी तर म्हणला व्हता, डाक्टरला दावा. दावला मी, पीक निघाल्यावर. पुण्याचा डाक्टर म्हणला, दोन वर्सं आधी आणायचा. तुमच्या शाईनं काय झालं न्हाय."

आरती, मला यातलं काहीच आठवत नाही. डॉक्टरला दाखवा, असं मी खरंच म्हणालो होतो, की तो म्हातारा माझं मन राखत होता? मी तसं विचारलंही. तो म्हणाला, "मी कशाला खोटं बोलू? सदतीस वर्सं मी सवताला शिव्या देतोय. त्यात तुमी कुठनं वाटेकरी आलात?"

मग त्याच्या सुनेनं चहा आणला, द्राक्षं आणली. मी श्रेयाचं सांगितलं. मोडक्या शिंगाचंही सांगितलं. कुशाबानं ते दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा मांडीवर थाप मारून हसला.

निघताना त्यानं फोटो खाली उतरवला. भिंतीला ओल येते, खालचा कोपरा खराब झाला आहे, सदऱ्याची बटणं दिसेनाशी झालीत. नवी प्रत करून द्या म्हणाला. माझा हात आता थरथरतो, म्हणून हे काम तुला देतो आणि फोटो रामनाथबरोबर पाठवतो. आधी काचेतून बाहेर काढ. जमिनीवर सपाट ठेव, खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ दे, आणि कॅमेरा बरोबर वरून, कागदाला समांतर धर. फ्लॅश लावू नकोस, कागद चमकेल. लॅबवाल्याला कोपरा आणि बटणं तेवढी दुरुस्त करायला सांग.

डोळ्याला हात लावू नकोस. आता दोष झाकायचे नाहीत, म्हणून मी कुशाबाला विचारलं होतं, शाई काढायची का? तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्यो दोनी डोळ्यांनी माझ्याकडं बघतोय."

घरी येऊन जेवलो आणि जरा पडलो, तर गाढ झोप लागली. साडेपाचला राखीनं हलवून उठवलं. तिला काळजी वाटली, पप्पा दुपारचे कधी झोपत नाहीत.

तुझा
फतेचंदकाका